तीनशे बाराची काच

विश्वास हा माणसांच्या सगळ्या व्यवहारांचा पाया आहे आणि तो एकदा ढासळला की पुन्हा उभा करायला पिढ्या जातात, असं आमच्या जनरल मॅनेजरांनी सोमवारच्या बैठकीत सांगितलं आणि तो उभा करण्यासाठी मजल्यामागे एक याप्रमाणे स्प्रेच्या सहा जास्तीच्या बाटल्या मंजूर केल्या. बाटल्या लिंबाच्या वासाच्या होत्या. स्वच्छतेला वास नसतो, असं मी सव्वीस वर्षं हाउसकीपिंगमधल्या नव्या माणसांना शिकवत आलो आहे. वास येतोय म्हणजे कोणीतरी काहीतरी झाकलंय. पण शेजारी बसलेल्या सल्लागार बाई म्हणाल्या, की वासच नसेल तर पाहुण्याला कळणार कसं? या बाई मुख्य कचेरीतून दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या आणि त्यांच्याकडे जांभळ्या उजेडाची एक बॅटरी होती. एखाद्या खोलीत गुपचूप जाऊन त्या नळावर, दिव्याच्या बटणावर, रिमोटच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जेलचे ठिपके लावायच्या आणि खोली साफ झाली की बॅटरी मारून बघायच्या. पुसलं असेल तर काही नाही, नसेल तर ठिपका लखलखायचा. मजल्यावरच्या बायकांनी त्यांचं नाव बॅटरीबाई ठेवलं होतं. बॅटरीबाईंचं म्हणणं असं, की साथीनंतरचा पाहुणा घाबरलेला आहे, त्याला स्वच्छता नुसती देऊन भागत नाही, दाखवावी लागते. मॅनेजरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली आणि मग आपला फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला. फोनवर एक फोटो होता. तीनशे बाराची खिडकी, दुपारचं ऊन, आणि काचेवर हाताचा पंजा. त्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याने खाली लिहिलं होतं : ‘दारावर सील आहे, टेबलावर कार्ड आहे आणि खिडकीवर आधीच्या पाहुण्याचा हात आहे. स्वागत करतोय की निरोप देतोय, कळत नाही.’ दोनशे अठरा लोक त्यावर हसले होते. “हे काय आहे?” मॅनेजरांनी विचारलं. “हात आहे,” मी म्हणालो.

ते मला दिसतंय, असं ते म्हणाले, आणि त्यापुढे बरंच काही म्हणाले, पण माझं लक्ष फोटोतल्या करंगळीकडे होतं. पाहुण्याने फोटो चांगला काढला होता. माझ्या फोटोत ऊन जरा जास्त आलंय.

आमच्या धंद्यातला जुना आदर्श म्हणजे भूत. पाहुणा चहाला खाली गेला, परत आला, तर पलंग आवरलेला, आरसा पुसलेला, कचऱ्याची टोपली रिकामी. आणि हे कोणी केलं, कधी केलं, याचा मागमूस नाही. कॉरिडॉरमध्ये पाहुण्याला बादली दिसली तर मी दिवसभर त्या माणसाशी बोलत नसे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी तीनच गोष्टी शिकवतो. वरून खाली पुसायचं, कोरड्यातून ओल्याकडे जायचं, आणि काचेवर डाग दिसला की आधी नखाने चाचपून बघायचं, डाग आपल्या बाजूचा आहे की पलीकडचा. पलीकडचा असेल तर तो आपला नाही, वहीत ‘बाहेर’ असं लिहून पुढे चालायचं. आयुष्यातला निम्मा त्रास पलीकडचे डाग अलीकडून पुसण्यात जातो, असं मी वर म्हणतो, आणि नवी माणसं नोकरीच्या पहिल्या दिवशी हसतात तेवढी हसतात. साथीने हे सगळं उलटं केलं. आता भुतांनी पाहुण्यांसमोर यायचं होतं. लॉबीसाठी खास चकचकीत स्टीलच्या बादल्या आणल्या गेल्या, ज्यांत पाणी भरायचं नव्हतं, कारण त्यांवर ओघळ दिसतात. एक बाई दर वीस मिनिटांनी लिफ्टची बटणं पुसायला बसवली. मध्ये दोन दिवस लिफ्ट बंद होती, तेव्हाही ती पुसत होती, आणि पाहुणे तिच्याकडे कौतुकाने बघत जिना चढत होते. खोली साफ झाली की दारावर कागदी पट्टी चिकटवायची, तिच्यावर साफ करणाऱ्याची सही आणि वेळ. पाहुणा ती पट्टी फाडून आत जातो. आत टेबलावर कार्ड असतं. त्या कार्डावरचा मजकूर माझा आहे, कारण मी कॉलेजात भाषा घेऊन शिकलो होतो हे कोणाच्या तरी लक्षात राहिलं. मी लिहिलं होतं : ‘या खोलीत तुमच्याआधी कोणीही नव्हतं, असं समजा.’ मॅनेजरांनी ‘असं समजा’ खोडलं. त्याने विश्वास कमी होतो म्हणाले.

तीनशे बारामध्ये त्या फोटोवाल्या पाहुण्यांच्या आधी माझी बायको होती. साथीच्या पहिल्या वर्षी हॉटेल सरकारने ताब्यात घेतलं आणि ज्यांना ताप आहे पण धाप नाही अशांना तिथे ठेवायला सुरुवात केली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना खोली मागता येत असे. हिला ताप आला तेव्हा ती म्हणाली, “मला घरीच राहू दे. आतल्या खोलीत पडून राहीन, तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.” मी म्हणालो, “घरात एकच बाथरूम आहे.” “मग तुम्ही जा हॉटेलात. तुमचंच आहे ना ते.” मी म्हणालो, तिथे जास्त स्वच्छ आहे. हे मी अभिमानाने म्हणालो, हे मला आठवतं. एखादा माणूस आपल्या गावाबद्दल बोलतो तसं. ती हसली. “चोवीस वर्षांत एकदा चहाला नेलं नाहीत, आणि आता राहायलाच नेताय,” म्हणाली, आणि उठून बॅग भरायला लागली. बॅगेत तिने साबण घेतला नाही, कारण तिथला चांगला असतो असं माझ्याकडूनच ऐकलं होतं. खोली मी स्वतः लावली. सव्वीस वर्षांत मी इतकी चांगली खोली कोणासाठीही लावलेली नाही. चादरीचे कोपरे असे, की त्यांच्यावर बोट ठेवलं तर कापेल. त्यानंतर नियम असा होता, की पाहुणा आत असताना कर्मचाऱ्याने आत जायचं नाही. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं, बेल वाजवायची आणि लिफ्टपर्यंत मागे यायचं. मी लिफ्टपाशी उभा राहून दार उघडलेलं, एक हात बाहेर आलेला आणि ताट आत गेलेलं बघत असे. रोज चार वाजता मी पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाखाली उभा राहायचो आणि ती खिडकीत यायची. खिडक्या आमच्या उघडत नाहीत, एसीची इमारत आहे, म्हणून फोनवर बोलायचो. “अहो, इथे चार उशा आहेत. माणूस एक, उशा चार.” “दोन बाजूला ठेव.” “खुर्चीवर ठेवल्यात. कोणीतरी भेटायला आल्यासारखं वाटतं.” एके दिवशी म्हणाली, “तुम्ही खालून अगदी छोटे दिसता. टक्कल मात्र चमकतं.” पाचव्या दिवसापासून ती बोलताना मध्ये थांबायला लागली. मी विचारलं, दम लागतो का? ती म्हणाली, दम कुठला, तुमचं ऐकतेय. मी त्या वेळी बहुतेक चादरींबद्दल बोलत होतो. साथीच्या दिवसांत माझ्या डोक्यात चादरी सोडून दुसरं काही नसायचं.

नवव्या दिवशी चार वाजता मी खांबाखाली पोचलो आणि माझा फोन वाजला. लॉन्ड्रीचा माणूस होता. आजाऱ्यांच्या चादरी किती अंशांवर धुवायच्या, यावर त्याचा आणि त्याच्या मुकादमाचा वाद झाला होता आणि निवाडा माझ्याकडे आला होता. मी वर पाहिलं. ती खिडकीत उभी होती, उजवा हात वर होता. काचेवर होता की हवेत, ते खालून कळत नव्हतं, उन्हाने काच पेटल्यासारखी झाली होती. मी तिला एक बोट दाखवलं. एक मिनिट. आणि ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून पाठ फिरवून त्या माणसाला सांगितलं, “साठ. साठ अंश. कमी नाही.” तो म्हणाला, साठला रंग जातो. मी म्हणालो, पांढऱ्या चादरीचा कुठला रंग जातो रे बाबा? आम्ही दोघे हसलो. वळलो तेव्हा खिडकीत पडदा होता. संध्याकाळी तिला इस्पितळात हलवलं, हे मला रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, तेही पाहुण्यांचा आकडा देताना : आज गेलेले चार. तिसऱ्या दिवशी मला एक पिशवी मिळाली. तिच्यात चष्मा होता, फोन होता आणि आमच्या हॉटेलचा साबण होता, अर्धा झिजलेला. फोनवर चार वाजून तीन मिनिटांनी मला केलेला एक कॉल होता. तो लागला नव्हता, कारण मी चादरींवर बोलत होतो.

त्या हाताचं काय करायचं, हा प्रश्न मला पहिले वीस दिवस घरात कोंडून असताना पडला होता. माणूस हात वर करतो तो तीन-चार कारणांनी. निरोप देताना करतो. जा म्हणताना करतो. थांब म्हणताना करतो. आणि दार बंद असलं, आत हवा पुरत नसली, तर ठोकायलाही करतो. मी दिवसभर आतल्या खोलीत, जिथे ती पडून राहणार होती त्या पलंगावर बसून हात वर करून बघत असे. विसाव्या दिवशी कामावर गेलो आणि अंगभर प्लास्टिक घालून, तोवर कुलपात ठेवलेली तीनशे बारा साफ करायला एकटाच आत शिरलो. दोन उशा अजून खुर्चीवर होत्या. मी सगळं वरून खाली, कोरड्यातून ओल्याकडे केलं, आणि चार वाजता खिडकीकडे वळलो, तर ऊन काचेत तिरकं आलं होतं आणि काचेवर हात होता. पाची बोटं पसरलेली, अंगठा डावीकडे, म्हणजे उजवा हात. करंगळी अर्धीच उमटलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी कपाटाच्या दारात हिची करंगळी चेमटली होती आणि नंतर कधी पुरती सरळ झाली नाही. डाग वाचणं हा माझा धंदा आहे. चादरीवरचा डाग चहाचा की औषधाचा, हे मी दारातून सांगतो. ठोकणाऱ्या हाताचा ठसा असा उमटत नाही. तो घसरतो, फरफटतो, मुठीचा असतो. हा हात शांत होता. कोणीतरी सावकाश टेकवला होता आणि सावकाश काढून घेतला होता. मी खाली फरशीवर बसलो, प्लास्टिकच्या आत घामाने भिजलो आणि मला इतकं बरं वाटलं, की त्याची नंतर लाज वाटली.

त्यानंतर तीनशे बारा ‘दुरुस्तीखाली’ गेली. काय दुरुस्त करायचं, हे कोणी विचारलं नाही. निम्म्या खोल्या रिकाम्याच असायच्या. पुढे गर्दी वाढली तेव्हा मी ती सगळ्यांत शेवटी द्यायच्या यादीत टाकली. तिसऱ्या मजल्याच्या मावशी ती खोली करायच्या. त्या माझ्याहून दोन वर्षांनी जुन्या आहेत आणि मी इथे नवा असताना चादरीचा कोपरा दुमडायला मला त्यांनी शिकवलं, पण ‘साहेब’ म्हणायचं सोडत नाहीत. मी त्यांना एवढंच सांगितलं, की त्या खिडकीची वरची अर्धी काच मी करीन. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं.” मी ती कधीच केली नाही. महिन्यातून एकदा चार वाजता जायचो, हात मागे बांधून काचेपासून दोन फुटांवर उभा राहायचो आणि परत यायचो. संग्रहालयात उभं राहतात तसा. पहिल्या दिवशीच मी त्याचा फोटो काढून लेकीला पाठवला होता. लेक परमुलखात असते. साथीत तिला येता आलं नाही. त्या दिवसांत ती फोनवर ‘जेवलात का’ आणि ‘औषध घेतलंत का’ एवढंच विचारायची आणि मी ‘हो’ आणि ‘हो’ एवढंच सांगायचो. एकदाच म्हणाली होती, “बाबा, तिला घरी का नाही ठेवलंत? तिला राहायचं होतं ना घरी?” मी म्हणालो, तिथे जास्त स्वच्छ होतं. त्यावर ती म्हणाली की तिच्याकडे कोणीतरी आलंय. फोटो गेला त्या दिवशी तिने उलट फोन केला आणि पहिल्यांदा रडली. “टेकवलाय ना हात?” म्हणाली. “ठोकत नव्हती ना ती?” म्हणजे तीही तिकडे बसून हात वर करून बघत होती. मी सांगितलं, ठोकत नव्हती, मी डाग ओळखतो. तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते आणि जेवलात का याच्या पुढे जाते. तो फोटो तिच्या फोनच्या पडद्यावर आहे. वेळ बघायला फोन उचलला की आधी आईचा हात दिसतो, मग घड्याळ.

“पाहुणे शुक्रवारपर्यंत आहेत,” मॅनेजर म्हणत होते. “त्यांच्यासमोर, त्यांच्याच खोलीत, ती काच तुम्ही स्वतः पुसायची. कॅमेऱ्यावर. आम्ही लपवत नाही, आम्ही पुसतो, असा संदेश गेला पाहिजे.” बॅटरीबाई म्हणाल्या, संकटाचं सोनं करायची वेळ आहे. मी म्हणालो, मावशी पुसतील, त्यांचा मजला आहे. “नाही, खात्याचा प्रमुख हवा. लोकांना चेहरा लागतो.” “मास्क आहे तोंडाला.” “मग डोळे हसरे ठेवा,” मॅनेजर म्हणाले. त्यांना खरं सांगता आलं असतं. ते वाईट गृहस्थ नाहीत; ही गेली तेव्हा त्यांनी मला पत्र पाठवलं होतं, ज्याच्या सुरुवातीला चुकून ‘आदरणीय पाहुणे’ राहिलं होतं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं, हेही मला दिसत होतं. त्यांनी दार लावून घेतलं असतं, आवाज खाली आणला असता आणि म्हणाले असते, की तिथे राहिलेली बाई पुढे गेली हे बाहेर कळलं तर तीनशे बाराच काय, तिसरा मजलाच बसेल. तेव्हा तो हात आजच पुसा. दोन्ही वाटा त्याच काचेशी जात होत्या. गुरुवारी सकाळी मी मावशींना गाठलं. त्या तीनशे सहाच्या दारावर पट्टी चिकटवत होत्या. “साहेब, मी पुसते ना. तुम्ही नका पुसू.” “कॅमेऱ्याला मी हवाय.” “मग हळू पुसा.” “हळू पुसलं तरी जाणारच, मावशी.” त्यांनी हातातल्या फडक्याची चौपदरी घडी केली, ती उलगडली आणि परत केली. “चहा घ्या आधी,” म्हणाल्या. मी जेवणाच्या सुट्टीत तीनशे बारामध्ये जाऊन उभा राहिलो. पाहुणे बाहेर गेले होते. ऊन अजून आलं नव्हतं आणि काचेवर काहीच दिसत नव्हतं. तिथे ती आहे आणि दिसत नाही, याची मला सवय होती. लेकीला सांगायला हवं, असं वाटलं. फोन काढला, आणि काय लिहायचं हे न सुचल्यामुळे ‘जेवलीस का’ असं लिहून पाठवलं.

चार वाजता खोलीत आम्ही सहा जण होतो, जे आमच्याच नियमाप्रमाणे दोनाने जास्त होते. कॅमेरावाला पलंगावर गुडघा टेकून उभा होता आणि मी त्या चुरगळलेल्या चादरीकडे बघायचं टाळत होतो. तक्रार करणारे पाहुणे दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या विकायचे, गोल चेहऱ्याचे, ओशाळलेले. “अहो, मी आपलं सहज टाकलं होतं,” ते मला दोनदा म्हणाले. “कोणाला त्रास द्यायचा नव्हता. उलट रात्री सोबत वाटली त्या हाताची.” ऊन आलं. हात उजळला. बॅटरीबाई “अस्सं!” म्हणाल्या आणि मागे सरल्या. मी काचेवर स्प्रे मारला, लिंबाचा, फडकं घेतलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या काचेला हात लावला. वरून सुरुवात केली. कोपऱ्यातून आडवं, वळून परत आडवं, जसं शिकवतो तसं, म्हणजे बोटांच्या टोकांपर्यंत यायला जितका वेळ लागेल तितका. मधल्या बोटावरून फडकं गेलं. मग अंगठ्यावरून. तळव्यावरून. करंगळीवरून मी दोनदा फिरवलं, कारण पहिल्यांदा माझा हात थांबला होता. फडकं बाजूला केलं. हात होता तिथेच होता. “पुन्हा घेऊ,” कॅमेरावाला म्हणाला. मी पुन्हा पुसलं. हात हलला नाही. “जोर लावा की,” मॅनेजर मास्कच्या आतून म्हणाले. मी जोर लावला. बॅटरीबाईंनी पडदा ओढायला लावून जांभळा उजेड मारला. काही चमकलं नाही. “आमच्या मापाप्रमाणे ही काच स्वच्छ आहे,” त्या जराशा गोंधळून म्हणाल्या. पडदा उघडला, ऊन आत आलं आणि हात परत. मी तिसऱ्यांदा पुसायला लागलो आणि मला काय होतंय ते आधी समजेना, मग समजलं, की मी हसतोय. ही जायला तयार नव्हती. घरातून हलवताना मुकाट्याने बॅग भरली होती, पण आता नाही. स्प्रे नाही, फडकं नाही, मॅनेजर नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी हसत होतो. कॅमेरावाला म्हणाला, “हे छान. हेच हवं होतं.”

“थांबा हं,” खुर्च्या विकणारे गृहस्थ म्हणाले. ते पुढे आले, मान तिरकी केली आणि तर्जनीचं नख काचेवरून, तळव्याच्या मधोमध, खाली ओढलं. नख कुठेही अडखळलं नाही. “हे बाहेरून आहे,” ते म्हणाले. “आमच्या खुर्च्यांच्या दिव्याच्या काचांचं असंच होतं.” मॅनेजरांनी मिस्त्रींना बोलावलं. इमारतीची सगळी डागडुजी त्यांच्याकडे; ते पान्ह्यासकट आले, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, “सिलिकॉन आहे. साथ यायच्या महिनाभर आधी खिडक्यांच्या कडा भरून घेतल्या नव्हत्या का? बाहेरून, गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या झोपाळ्यावर बसून. उजव्या हातात ट्यूबची बंदूक, डावा हात काचेला, नाहीतर झोपाळा गरगर फिरतो. हात बरबटलेलेच असतात. पावसाने जात नाही ते.” मी म्हणालो, “डावा?” “बाहेरचा डावा आतून उजवा दिसतो, साहेब.” त्यांनी आपला हात करून दाखवला. “तीनशे आठलाही आहे. तीनशे नऊला तर कोपर आहे कोणाचं तरी.” “करंगळी अर्धीच का?” मी विचारलं. “काय?” “करंगळी. अर्धीच उमटलीय.” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. “हातमोजा फाटला असेल,” ते म्हणाले.

सगळे गेल्यावर मी पलंगाची चादर ओढून सारखी केली. पाहुण्यांचीच होती, पण बघवत नव्हतं. म्हणजे नऊ दिवस रोज चार वाजता तो परका हात तिच्यासमोर उजळत असणार. फोनवर ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही. की बोलली होती आणि मी चादरींबद्दल सांगत होतो? तिने त्या हाताला आपला हात लावून बघितला असेल, असं मनात आलं, आणि ते इतकं गोड होतं की मी लगेच सोडून दिलं. सव्वीस वर्षं डाग वाचल्यावर माणसाला एवढं तरी कळतं, की आपल्याला हवा तो डाग दिसायला लागला की फडकं खाली ठेवावं. आता फक्त वर केलेला एक हात उरला होता, उन्हात, खालून न कळणारा. ठोकत असेल. मावशी दारात येऊन उभ्या होत्या. “तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो. “पहिल्याच दिवशी नख लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना.” “मग सांगितलं का नाही?” “वहीत लिहिलं होतं की.” मी वही काढून बघितली. दर आठवड्याला, तीनशे बाराच्या ओळीत, ‘काच : बाहेर’ असं मावशींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि शेजारी माझी सही.

सहा वाजता, मी घरी पोचलो तोच, लेकीचा फोन आला. गुरुवार होता, रविवार नव्हे. “बाबा, तुमच्या हॉटेलच्या पानावर व्हिडिओ आलाय. तुम्ही हसताय.” “हो.” “आणि ती काच पुसताय. आईची काच. शेवटी तर चकचकीत दाखवलीय.” “ती चौथ्या मजल्यावरची दाखवलीय,” मी म्हणालो. “मग आईचा हात?” तिचा आवाज लहानपणी पडल्यावर यायचा तसा आला होता. मी खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत गेलो. “गेला नाही,” मी म्हणालो. “तीनदा पुसला. जोर लावला. गेला नाही.” पलीकडे ती हसायला लागली, रडत रडत हसायला लागली. “आईच ती,” म्हणाली. “एकदा ठरवलं की हलायची का कधी?” मी म्हणालो, नाही हलायची. तिने विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, आत्ता सहाच वाजलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी गच्चीवरून झोपाळा सोडला आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवरून सात हात आणि एक कोपर ब्लेडने खरवडून काढलं. तासाभराचं काम होतं.